जर-तरचं व्याकरण

इतिहासात जर-तरला जागा नसते, असं शिकलेली माणसं सांगतात. पानिपतावर अमुक झालं असतं तर, तमुक सरदार वेळेवर पोचला असता तर, असल्या गोष्टी पारावर बसून बोलाव्यात, पुस्तकात लिहू नयेत, असा त्यांचा दंडक आहे. असेल. पण शेतकऱ्याचं सगळं आयुष्यच जर-तरवर चाललेलं असतं, आणि आमच्या माणदेशात तर ते जरा जास्तच. सातारा जिल्हा एकच. पण त्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात पाऊस हजारो मिलिमीटरनं मोजतात आणि पूर्वेला आमच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर. तोही येईल त्या साली. त्यामुळं आमच्याकडं लग्नाची तारीख, विहिरीचं काम, पोराचं शिक्षण, सोसायटीचं कर्ज, कशाबद्दलही विचारा. उत्तराची सुरुवात एकाच शब्दानं होते. पाऊस पडला तर.

मी दहावीपर्यंत शिकलो. शाळेत इंग्रजीचं व्याकरण बरंच घोकलं. त्यातलं बहुतेक सगळं औताच्या तासाखाली गाडलं गेलं. ध्यानात राहिला तो एकच धडा, 'इफ'च्या वाक्यांचा. तो का राहिला आणि त्याचा आमच्या मुलखाच्या इतिहासाशी काय संबंध आहे, ते सांगावं म्हणून हा लेख.

नववीत आम्हाला इंग्रजीला जे सर होते, ते शेतकऱ्याच्याच घरातले. पुस्तकात उदाहरणं होती ती राजा होण्याची, पक्षी होऊन उडण्याची. सरांनी ती बाजूला ठेवली आणि फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. पहिलं : 'इफ इट रेन्स, वुई विल सो बाजरी.' दुसरं : 'इफ इट रेन्ड, वुई वुड सो बाजरी.' तिसरं : 'इफ इट हॅड रेन्ड, वुई वुड हॅव सोन बाजरी.' तिसऱ्या वाक्यातलं 'सोन' ऐकून पोरं हसली. पाऊस पडला असता तर सोनंच झालं असतं की सर, असं कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं. सर पण हसले. म्हणाले, "बरोबर आहे. पण पडला नाही. हे वाक्य नीट बघा. ह्यात पाऊसही नाही आणि बाजरीही नाही. नुसता हिशेब आहे."

मग त्यांनी तीन वाक्यांतला फरक सांगितला. पहिल्या वाक्यात आभाळ अजून भरलेलं आहे. पाऊस येईल, न येईल, पण बियाणं घरात तयार ठेवायचं. दुसऱ्यात आभाळ कोरडं आहे. बोलणारा मनातल्या मनात पेरतोय. तिसऱ्यात हंगाम निघून गेलाय. आता वर्षभर काहीच करता येणार नाही. घरात जाण्याचे तीन दरवाजे समजा. एक उघडा, एक नुसता लोटलेला, एकाला बाहेरून कुलूप. इंग्रज माणूस क्रियापदाच्या रूपावरूनच सांगतो, की तो कुठल्या दरवाजापुढं उभा आहे.

आमच्या पोरांची अडचण निराळीच होती. मराठीत आपण 'पाऊस पडला तर पेरू' असं म्हणतो. आता ह्यात 'पडला' हे रूप भूतकाळाचं आहे, पण गोष्ट चाललीय उद्याची, आणि तीही आशेची. वर्गातल्या निम्म्या पोरांनी शब्दाला शब्द ठेवून 'इफ इट रेन्ड' केलं. इंग्रजीत त्याचा अर्थ फिरतो. आपण ज्या रूपात आशा धरतो, त्याच रूपात इंग्रज माणूस आशा सोडतो. हे एकदा कळलं की मग चूक होत नाही. नाहीतर ती आयुष्यभर होत राहते.

दुसरी गंमत अशी, की इंग्रजीत दुसरं आणि तिसरं वाक्य निरनिराळं आहे, पण आपल्या मराठीत दोन्हीला बहुतेक करून एकच कपडा. 'माझ्याकडं पैसे असते तर दिले असते.' हे आत्ता नाहीत म्हणून म्हटलं, की गेल्या दिवाळीला नव्हते म्हणून म्हटलं? समोरच्यानं संदर्भावरून ओळखायचं. मराठी व्याकरणात ह्या रूपाला 'संकेतार्थ' म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ, असे क्रियापदाचे चार अर्थ आम्ही पाठ केले होते. आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकात संकेतार्थाचं उदाहरण शोधायला गेलं, तर पुन्हा तेच पुढं येतं, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. व्याकरण लिहिणारी माणसं शहरात राहणारी, पण उदाहरणाला त्यांना शेतच सापडलं. दुसरीकडं कुठं एवढं खात्रीचं 'असतं तर' मिळणार?

ही व्याकरणं आपल्याकडं कशी आली तेही थोडं बघू. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापलं. इंग्रजी व्याकरणाची मांडणी डोळ्यांपुढं ठेवून त्यांनी मराठीचे नियम बसवले, आणि पुढं लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. इंग्रजी शिकायला निघालेल्या मराठी पोरांच्या हातात पुढं 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' आली. मराठी वाक्य वाचायचं, त्याचं इंग्रजी करायचं, पुन्हा उलट करायचं. कैक पिढ्यांचं इंग्रजी तिच्यावर पोसलं. त्यानंतर आलं रेन आणि मार्टिन ह्यांचं जाडजूड व्याकरण. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. हे पुस्तक ज्याच्या घरात, तो मुलगा पुढं जाणार, असा तेव्हा समज. आमच्या शाळेत एकच प्रत होती. ती हेडमास्तरांच्या कपाटात असायची.

पण पुस्तक छापलं म्हणजे ते सगळ्यांच्या हातात पोचलं असं होत नाही. महात्मा फुले स्वतः पुण्यात मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत शिकलेले. त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, खेड्यातल्या पोराच्या वाट्याला प्राथमिक शाळाही धड येत नाही, हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. मग १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि हातानं काम करून शिकायची वाट आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना मिळाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षं इंग्रजी आठवीपासून होती. आमच्या वेळेला ती पाचवीपासून आली. २००० सालापासून ती पहिलीपासून झाली. म्हणजे फळ्यावरचं 'इफ' आमच्या गावापर्यंत यायला शंभरावर वर्षं लागली.

आणि आमच्यापर्यंत ते आलं ते नेमकं १९७२ सालानंतर.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी बघितला, त्यांना तो सांगायला लागत नाही. ज्यांनी बघितला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आदली दोन वर्षंही आमच्याकडं फार बरी नव्हती. बहात्तरला मृग कोरडा गेला, मागची नक्षत्रंही तशीच गेली. विहिरींचे तळ दिसू लागले. खिल्लार जनावरं बाजारात मातीमोल गेली. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. सरकारनं कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी. १९७३च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पोरांना सुकडी मिळायची. तिचा वास अजून नाकात आहे.

मी तेव्हा आठवीत होतो आणि माझी आक्का नववीत. वर्गात तिचा नंबर वरचा. दिवाळीनंतर आबांनी तिला शाळेतून काढलं. रागानं नाही, मारून-मुटकूनही नाही. एका संध्याकाळी नुसतं म्हणाले, "उद्यापासनं आईसंगं खडीवर जा, बाय." घरातनं दोन हजेऱ्या लागल्या तर सहा माणसं जगत होती, तीन लागल्या तर जरा बरी जगली असती. माझं नाव काढलं नाही, कारण मी मुलगा. हे तेव्हा कुणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आक्का उन्हात बसून खडी फोडायची. मजुरी मापावर. फोडलेल्या खडीचा ढीग मोजायचा आणि त्याप्रमाणं पैसे. मोजणारा मुकादम लेखी काय मांडतो ते बायांना वाचता येत नव्हतं. आक्काला येत होतं. दोन आठवडे तिनं बघितलं. तिसऱ्या आठवड्याला मोजमाप करायला वरचे साहेब आले, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "साहेब, हा ढीग आमच्यादेखत पुन्यांदा मोजला तर?" एवढंच. कुणावर आरोप नाही, आरडाओरडा नाही. साहेबांनी टेप लावायला सांगितली. आकडा वाढला. त्या आठवड्यात आमच्या टोळीतल्या सगळ्या बायांना जास्त पैसे मिळाले. मुकादमानं पुढं तिला जागा दिली ती सगळ्यात कठीण दगडाची. पण मापात पुन्हा गडबड झाली नाही.

मी पुढं नववीत गेलो आणि सरांचा तो धडा झाला. रात्री कंदिलापाशी मी तिन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणायचो. आक्का चुलीपुढं बसून ऐकायची. एकदा तिनं तिसऱ्या जातीचं वाक्य स्वतः बनवलं, इंग्रजीत : 'इफ इट हॅड रेन्ड, आय वुड हॅव पास्ड.' कुठंही चूक नव्हती. घरात कुणी काही बोललं नाही. आबांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते उठून बाहेर गोठ्याकडं गेले.

१९७५च्या मार्चमध्ये मी दहावीला बसलो. राज्यातली नव्या पद्धतीची ती पहिली दहावी. जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही त्याच साली परीक्षेला होती. आक्का शाळेत राहिली असती, तर आम्ही दोघं एकाच वर्षी बसलो असतो. तोवर तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं.

आता हे 'असतो तर' घेऊन करायचं काय? इतिहासवाले म्हणतात ते इथं खरं वाटतं. ह्या वाक्यात पाऊस नाही आणि बाजरीही नाही. पण आमच्या मुलखाचा मागचा इतिहास वाचला, तेव्हा मला ह्या तिसऱ्या वाक्याचा एक उपयोग दिसला.

१८७६-७७ सालचा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हाही सरकारनं कामं काढली होती. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्याच काळातल्या दुष्काळी कामाचा. पण त्या वेळी रिचर्ड टेंपल नावाच्या बड्या अधिकाऱ्यानं मजुरीतलं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं. म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत, आणि तेही दिवसभर दगड-माती उचलणाऱ्याला. हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारकडं अर्ज केले. लाखो माणसं मेल्यावर दुष्काळ आयोग नेमला गेला. आयोगानं तिसऱ्या जातीचा हिशेब मांडला, म्हणजे वेळेवर कामं काढली असती तर काय झालं असतं. त्या हिशेबातून दुष्काळ संहिता निघाल्या. त्यांची भाषा बघा. अमुक लक्षणं दिसली, तर अमुक पाहणी करा. तमुक झालं, तर कामं उघडा. तिसऱ्या वाक्याचं पहिलं वाक्य झालं. कुलूप होतं तिथं दरवाजा केला.

बहात्तरनंतर हेच पुन्हा झालं, आणि जास्त चांगलं झालं. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आधी तासगाव तालुक्यात करून बघितली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. त्या कायद्याचं सार एका वाक्यात सांगता येतं : खेड्यातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर सरकारनं ते १५ दिवसांत द्यायचं, दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा. नववीच्या फळ्यावर लिहावं असं अगदी शुद्ध पहिल्या जातीचं वाक्य. त्यासाठी पैसा कुठून आणायचा? १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून तो अजून कापला जातो. शहरातल्या वाचकांनी आपल्या पगाराच्या कागदावर बघावं. तो आकडा कशासाठी सुरू झाला, हे कित्येकांना ठाऊक नसतं. पुढं २००५ साली केंद्र सरकारनं देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तो ह्याच वाटेनं.

कायद्यातलं 'तर' दर वेळी पाळलं गेलं, असं मी म्हणणार नाही. मजुरी थकली, भत्ता मागणाऱ्याला हेलपाटे पडले, हे आम्ही बघितलंय. पण एक फरक पडला. आमच्या आबांनी काम मागितलं ते हात जोडून. कायद्यानंतर माणूस काम मागायला गेला तो अर्ज घेऊन. आधी मेहेरबानी होती, पुढं हक्क झाला, आणि हा बदल एका 'जर'नं आणि एका 'तर'नं केला.

पैसेवारीचंही तेच. पिकाचा अंदाज काढतात, तो ५० पैशांच्या खाली गेला, तर गावाला टंचाईच्या सवलती. वर राहिला, तर नाही. एका पैशानं गाव इकडचं तिकडं होतं. पीकविम्याची कलमं वाचा. पाऊस इतका कमी पडला तर, इतके दिवस खंड पडला तर. आमच्या गावातली शिकलेली पोरं आता ही कलमं बोट ठेवून वाचतात आणि तलाठ्याला विचारतात. 'पाऊस पडला असता तर' म्हणून नशिबाला हात लावणाऱ्या माणसाला काही मिळत नाही. 'खंड २१ दिवसांचा पडला, तर कलमाप्रमाणं काय?' असं विचारणाऱ्याला निदान उत्तर द्यावं लागतं.

मराठीत ह्या जर-तरची आणखी एक भावकी आहे, जरी-तरी. इंग्रजीत तिथं 'इफ'च्या आधी एक जादा शब्द लावतात. आपल्याकडं नुसती एक वेलांटी. आक्काला ही वेलांटी चांगली वापरता आली. तिला दोन मुली. दर जूनला सासरच्या घरात तोच विषय निघायचा, की पाऊस झाला तर पोरींना पुढं शिकवू. आक्का म्हणायची, "पाऊस जरी नाही झाला, तरी जातील." दोघी दहावी झाल्या, थोरली पुढं शिकून परिचारिका झाली. आक्का मात्र ह्यावर कधी फार बोलत नाही. मी एकदा तिच्यापुढं 'तू शिकली असतीस तर' असं सुरू केलं, तर म्हणाली, "ते वाक्य मला येतंय रे. दुसरं काहीतरी बोल."

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आमच्याच भागातली. तिच्यात दुष्काळ येतो, माणसं मेंढरं घेऊन गाव सोडतात आणि मास्तरांची शाळा ओस पडते. ते वाचताना मला दर वेळी वाटतं, की पाऊस गेला की सगळ्यात आधी शाळा जाते आणि शाळेतूनही सगळ्यात आधी पोरगी जाते. म्हणून दुष्काळाचा इतिहास लिहिताना नुसती मेलेली जनावरं आणि आटलेल्या विहिरी मोजून भागणार नाही. पटावरून कमी झालेली नावंही मोजायला हवीत. प्रत्येक नावामागं एक तिसऱ्या जातीचं वाक्य आहे. इतिहासात त्याला जागा नसेल, तर कायदा करताना तरी असावी.

आता पोरांना हा धडा शिकवताना मास्तर लोकांनी राजा होण्याची आणि पक्षी होण्याची उदाहरणं खुशाल द्यावीत. पोरांना मजा येते. पण एक कसरत जादा करून घ्यावी. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक 'असतं तर' लिहून आणायचं, आणि शेजारी त्याचंच 'केलं तर' करून लिहायचं. विहिरीला कठडा असता तर, ह्याच्या शेजारी कठडा बांधला तर. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर, ह्याच्या शेजारी गावात गाडीची सोय केली तर. इंग्रजीही पक्कं होईल आणि ग्रामसभेला विषयही मिळतील.

आमच्या घरी ही कसरत दर साली चालते. मृगात पाऊस झाला, तर बाजरी आणि तिच्यात तूर. जुलै सरत आला आणि मग झाला, तर मटकी-हुलगा. तोही हुकला, तर रान तापत ठेवून हस्ताची वाट बघायची आणि शाळू पेरायचा. बियाणं तिन्हींचं मडक्यात राख लावून ठेवलेलं आहे.